सन्माननीय सदस्यहो, आधी हिशेब मांडा

पुणे महानगरपालिकेच्या सर्व १६५ सदस्यांस,



१५ जानेवारी २०२६ ला पुण्याने मतदान केले आणि जवळजवळ चार वर्षांनी शहराला लोकनियुक्त सभागृह मिळाले. मार्च २०२२ च्या मध्यापासून मुख्य सभेचे अधिकार प्रशासक असलेल्या आयुक्तांकडे होते आणि स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचे आणि मंजूरही आयुक्तांनीच करायचे. या काळात महापालिकेचे अंदाजपत्रक सुमारे ८,६०० कोटींवरून २०२५-२६ मध्ये १२,६१८ कोटींवर गेले. एवढी वाढ झाली, पण 'हा पैसा कशासाठी?' असे उभे राहून विचारायला निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. म्हणून आपण तिथे बसलात, ही पुण्यासाठी चांगली गोष्ट आहे.

मात्र मत दिले म्हणजे पुणेकरांचा राग निवळला, असे आपण समजू नये. प्रचारात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, वस्त्यांच्या बोळांत, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात आपल्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागला असेल: आमच्या प्रभागात पाच वर्षांत पैसा किती आला आणि गेला कुठे? त्यावर मतदाराच्या हाती पडते ती गुळगुळीत कागदावर छापलेली कार्य अहवालाची पुस्तिका. तिच्यात नारळ फोडतानाचे फोटो असतात, रकमा नसतात. मिळकतकराची पावती मात्र रुपया-पैशासह येते आणि भरायला उशीर झाला की महिन्याला दोन टक्के शास्तीही लागते. नागरिकाकडून इतका काटेकोर हिशेब घेणाऱ्या संस्थेने स्वतःचा हिशेब मोघम ठेवावा, हे लोकांना खटकते. खर्च झाला याचा राग थोडा असतो, तो सांगितला जात नाही याचा जास्त.

या सभागृहाची परंपरा मोठी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांत विरोधी मत पडले ते एकट्या फुल्यांचे. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईची भव्य इमारत उभारण्यावर होणाऱ्या खर्चालाही त्यांनी असाच विरोध केला. पुढे ती इमारत झाली आणि तिला फुल्यांचेच नाव दिले गेले. त्या हजार रुपयांनी नगरपालिका बुडणार नव्हती. तरीही कर भरणाऱ्याच्या पैशातून कुणाचा तरी मान राखायचा असेल, तर एकाने तरी उभे राहून 'का?' म्हणायला हवे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ते केले. सभागृहात एकटे पडण्याची भीती वाटेल तेव्हा आपल्यापैकी कुणालाही ही आठवण बळ देईल.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. महापालिकेच्या अंदाजपत्रकातली 'स' यादी आपल्यातल्या जुन्या-जाणत्यांना तोंडपाठ असेल. नव्यांना ती एव्हाना कळली असेल. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामे या यादीत असतात. गल्लीतले काँक्रीट, पदपथाचे ब्लॉक, ड्रेनेजची लाइन, उद्यानातली खेळणी, समाजमंदिराची रंगरंगोटी ही कामे गरजेची असू शकतात आणि अनेकदा असतातही. पण याच वाटेने पुण्यात वर्षानुवर्षे कापडी आणि ज्यूटच्या पिशव्या वाटल्या गेल्या, कचऱ्याच्या बादल्या वाटल्या गेल्या आणि जागा मिळेल तिथे बाकडी ठेवली गेली. चांगले पदपथ उखडून त्यावर पुन्हा ब्लॉक बसले. पिशवीवर आणि बाकावर नाव मात्र सदस्याचे, ठळक अक्षरांत.

असे एखादे बाक नीट पाहावे. सिमेंटच्या पाठीवर रंगवलेले असते: अमुक माननीयांच्या संकल्पनेतून, तमुक यांच्या विकासनिधीतून. शेजारी पक्षाचे चिन्ह, कधी फोटोही. बाक केवढ्याला पडले, कोणत्या ठेकेदाराने पुरवले, एकाच रस्त्यावर किती ठेवली, त्यांची मागणी कुणी केली होती, वर्षभरात पाय मोडला तर दुरुस्त कुणी करायचे, यातले एक अक्षर त्यावर नसते. ज्यांच्या करातून ते बाक आले त्या पुणेकरांचाही उल्लेख नसतो. निधी सदस्याच्या खिशातला नाही. सदस्याने काम सुचवले एवढेच खरे. मग फलकावर सदस्याचे नाव असेल, तर त्याखाली रक्कमही असली पाहिजे.

'स' यादी निदान छापलेली असते. वर्षाच्या शेवटी येणारे वर्गीकरणाचे प्रस्ताव त्याहून अवघड. मोठ्या प्रकल्पासाठी ठेवलेला पैसा खर्च झाला नाही की तो प्रभागातल्या कामांकडे वळवायचा आणि मार्च संपायच्या आत बिले काढायची, ही पद्धत पालिकेत मुरली आहे. त्यातले प्रस्ताव आयत्या वेळी दाखल होतात. उपसूचना वाचून न दाखवताच 'वाचली असे समजण्यात यावे' म्हणून मंजूर होतात. ई-निविदेच्या मर्यादेत बसू नये म्हणून एका कामाचे तुकडे पाडले जातात. तातडीच्या कामासाठी असलेले महापालिका अधिनियमातले ६७-३-क हे कलम जिथे तातडी दिसत नाही अशा ठिकाणीही वापरले गेल्याच्या तक्रारी पुण्यात नव्या नाहीत. यातली प्रत्येक पायरी कागदावर नियमात बसवता येते. पण या पायऱ्यांवरून उतरता उतरता अंदाजपत्रकाचे मूळ वाचन निरर्थक होऊन जाते. फेब्रुवारीत शहराने जे वाचले, त्यातले मार्चअखेर किती उरले याचा ताळा कुणीच मांडून दाखवत नाही.

आपण ज्या सभागृहात बसता त्याचीच हकिकत घ्या. महापालिकेच्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन २१ जून २०१८ ला तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झाले. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या या इमारतीत, नव्या सभागृहाच्या घुमटातून त्याच दिवशी पावसाचे पाणी आत आले. पाहुण्यांच्या देखत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते फोटो साऱ्या शहराने पाहिले. काम अपुरे असताना उद्घाटनाची घाई कुणी केली, त्याची जबाबदारी कोणावर निश्चित झाली आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी पडला, हे सामान्य पुणेकराला आजही चार ओळींत एका जागी वाचायला मिळत नाही. असे प्रसंग विसरले जात नाहीत.

माहिती मिळवायला कायदा आहे, हे खरे. आणि त्या कायद्याशी पुण्याचे नाते जुने आहे. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ ला देशभर लागू झाला आणि त्याखालचा देशातला पहिला अर्ज दाखल झाला तो पुण्यातल्या एका पोलिस ठाण्यात. महेश झगडे आयुक्त असताना महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहण्याची मुभा दिली. अर्जही नको आणि महिनाभराची वाटही नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून हीच पद्धत राज्यभरातल्या स्थानिक संस्थांना आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना घालून दिली. पुण्याने राज्याला दिलेल्या चांगल्या गोष्टींत या दोन तासांची गणना व्हायला हवी.

रस्त्याच्या एखाद्या कामाची फाइल हातात घेऊन बसले की त्या दोन तासांत काय काय कळते ते पाहा. वर पूर्वगणनपत्रक, म्हणजे काम होण्याआधी अभियंत्याने मांडलेला खर्च. मग निविदेची कागदपत्रे, किती जणांनी भरली आणि कुणी किती टक्के कमी दराने. मग कार्यादेश, त्यावर काम कधी संपवायचे ती तारीख. पुढे मोजमाप पुस्तिका, पालिकेच्या भाषेत एमबी. तिच्यात लांबी, रुंदी आणि जाडी हाताने लिहिलेली असते आणि शेवटी बिल. पुस्तिकेत काँक्रीटची जाडी जेवढी लिहिली आहे तेवढी रस्त्यावर आहे का, हे पाहायला इंजिनिअर असावे लागत नाही. कडेला उभे राहून टेप लावता येते. सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर, चित्तरंजन वाटिकेतल्या आरटीआय कट्ट्यावर लोकांना अर्ज लिहायला शिकवणारे विजय कुंभार आणि त्यांच्यासारखे अनेक पुणेकर वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत, पदरमोड करून आणि शत्रुत्व पत्करून. तळेगावचे सतीश शेट्टी यांनी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उघड केले. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. माहिती मागण्याची इतकी किंमत कुणाला मोजावी लागू नये, एवढी जबाबदारी तरी ती दडवू शकणाऱ्यांवर आहे.

कायद्याची वाट आता आणखी अरुंद झाली आहे. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करायचा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग दुसरे, आणि ते राज्य माहिती आयोगाकडे. दिल्लीच्या सतर्क नागरिक संघटनेच्या अहवालानुसार जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या, देशात सर्वाधिक. इतक्या रांगेत उभे राहून उत्तर मिळेपर्यंत रस्त्याच्या दुरुस्तीची मुदतही संपलेली असते. त्यात नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे त्या कलमातले मोलाचे वाक्य गेले. 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणून अर्ज फेटाळणे सोपे झाले. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती मिळवायला पुन्हा भांडावे लागणार. म्हणूनच नागरिकाने मागेपर्यंत थांबू नका. त्याच कायद्याचे कलम ४ सांगते की सतरा प्रकारची माहिती संस्थेने स्वतःहून जाहीर करायची आहे. खर्चाचा तपशील त्यात येतो. तो जाहीर करायला आपल्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

लोकांचा आवाज वर पोचतो, हे पुण्याने याआधी अनुभवले आहे. तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या निवृत्तीनंतरच्या घरासाठी खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये संरक्षण खात्याच्या सुमारे २ लाख ६१ हजार चौरस फूट जागेवर तयारी सुरू झाली होती. माहिती अधिकारातून ती बाहेर आली. सैनिकांच्या घरांची चणचण असताना हे का, असा सवाल पुण्यातल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी केला. काहीही नियमबाह्य नसल्याचा खुलासा राष्ट्रपती भवनाने केला, पण नाराजी शमली नाही. त्याच सुमारास त्यांच्या १२ परदेश दौऱ्यांवर, २२ देशांच्या प्रवासावर, २०५ कोटी रुपये खर्च झाल्याची माहितीही माहिती अधिकारातूनच आली. एप्रिल २०१२ च्या अखेरीस त्यांनी ते घर घेणार नसल्याचे जाहीर केले. तो निर्णय त्यांच्या मोठेपणाचा होता आणि शहराच्या जागरूकतेचाही.

मुंबईतल्या विधिमंडळाचा अनुभव इतका चांगला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदार आणि मंत्र्यांच्या पगारवाढीचे विधेयक अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी चर्चेविना मंजूर झाले. आमदारांचे वेतन दुपटीहून जास्त वाढले आणि राज्य तेव्हा दुष्काळातून नुकते बाहेर पडत होते. मार्च २०२२ मध्ये ३०० आमदारांना मुंबईत घरे देण्याची घोषणा झाली आणि समाजमाध्यमांपासून चहाच्या टपरीपर्यंत संताप उसळला, तेव्हा घरे फुकट नसतील असा खुलासा करावा लागला. त्याच महिन्यात आमदार निधी वर्षाला ५ कोटींवर गेला. या गोष्टींचा जाब विधिमंडळानेच द्यायचा आहे. पण पक्ष तेच असल्याने आपल्याकडे पाहताना लोकांना तेही आठवते.

दडवण्याचा शेवट काय होतो, ते ब्रिटनने पाहिले. तिथल्या खासदारांच्या भत्त्यांची माहिती पत्रकार हेदर ब्रूक यांनी मागितली. संसदेने ती द्यायची टाळाटाळ केली. खासदारांना माहिती कायद्यातून वगळण्याचे प्रयत्न झाले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने माहिती देण्याचा निकाल दिला आणि मे २००९ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने सगळी बिलेच छापली. तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी १,६४५ पौंडांचा दावा केल्याचेही त्यात निघाले. सभापतींना पद सोडावे लागले, काही खासदार तुरुंगात गेले. त्यानंतर स्वतंत्र संस्था नेमली गेली आणि आज प्रत्येक खासदाराचा प्रत्येक दावा रकमेसह कुणालाही पाहता येतो. त्यांना हे बेअब्रू होऊन करावे लागले. पुण्याला त्याआधी करता येईल.

इथे आपल्या बाजूचेही म्हणायला हवे. २०१७ मध्ये राज्य सरकारने पुण्याच्या नगरसेवकाचे मानधन महिन्याला २० हजार रुपये केले. चार सदस्यांचा प्रभाग ऐंशी हजार, लाखभर लोकांचा. कार्यालय, एखादा मदतनीस, रात्री-अपरात्री पाणी तुंबले म्हणून येणारे फोन हे सगळे एवढ्या पैशात भागत नाही, हे कुणीही समजू शकते. ज्याला पक्के उत्पन्न नाही त्या कार्यकर्त्याला ही अडचण सर्वांत जास्त भिडते आणि मग ठेकेदाराची मदत घेण्याचा मोह तिथेच सुरू होतो. मानधन वाढवायचे असेल, कार्यालयीन मदतनीस द्यायचा असेल, तर तो विषय उघडपणे मुख्य सभेत आणा, त्यावर बोला आणि नागरिकांनाही बोलू द्या. पुणेकर कंजूष नाहीत. आडून केलेला शंभर रुपयांचा खर्च त्यांना बोचतो, समोर मांडलेला हजाराचा ते मान्य करतात.

आणि ही उघडपणे काम करण्याची सवय आपल्याला नवीन नाही. उमेदवारी अर्जासोबत आपण शपथपत्र दिले. घर, शेत, गाडी, बँकेतली शिल्लक, दागिन्यांचे वजन, कर्ज, अंगावरचे खटले, सगळे लिहून दिले. ते भिंतीवर लागले आणि मतदारांनी वाचले. स्वतःचा पैसा असा दाखवल्यावर लोकांचा पैसा दाखवायला अडचण असण्याचे कारण नाही. २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचवू देणारे हेच शहर आहे. सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले, एवढेच त्या योजनेत जोडायचे राहिले.

म्हणून मागणी अशी. मुख्य सभेत ठराव करा की 'स' यादीतले आणि वर्गीकरणातून आलेले प्रत्येक काम प्रभागवार महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत दिसेल: कोणी सुचवले, ठिकाण कोणते, पूर्वगणनपत्रक कितीचे, निविदा कितीजणांनी भरल्या, काम कोणाला मिळाले, बिल कधी आणि कितीचे निघाले, दुरुस्तीची जबाबदारी कधीपर्यंत. मोजमाप पुस्तिकेची पानेही त्यासोबत लावा. ज्यांना संकेतस्थळ उघडता येत नाही त्यांच्यासाठी हाच तक्ता पंधराही क्षेत्रीय कार्यालयांच्या दर्शनी भिंतीवर असावा. पदाधिकाऱ्यांच्या गाड्या, इंधन, दौरे, सत्कार, चहापान यांचा तिमाही खर्च नावासह प्रसिद्ध व्हावा. दौऱ्यावरून परतल्यावर काय शिकलात ते मुख्य सभेपुढे लेखी ठेवावे. वर्गीकरणाचा प्रस्ताव आणि पैशाशी संबंधित उपसूचना मतदानाच्या किमान सात दिवस आधी जाहीर झाल्याशिवाय सभागृहात घेऊ नका. आणि बाकांवर, कमानींवर, बसथांब्यांवर पुण्याच्या पैशातून सदस्यांची नावे रंगवणे आजपासून बंद करा.

यासाठी राज्य सरकारकडे जायला नको, नवा कायदा नको, मोठा निधीही नको. सूचक म्हणून एका सदस्याचे आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्याचे नाव पुरते. सत्तेतल्या पक्षाने हा ठराव आणला तर विरोधकांनी पाठिंबा द्यावा, विरोधकांनी आणला तर सत्ताधाऱ्यांनी तो अडवू नये. ठराव येईपर्यंत आपल्यापैकी कुणीही एकट्याने आपल्या प्रभागाचा तक्ता कार्यालयाच्या दारावर लावू शकतो, त्याला बहुमत लागत नाही.

आणि पुणेकरहो, हे पत्र सदस्यांना असले तरी आपल्यासाठीही आहे. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेत किंवा आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जा आणि आपल्या गल्लीत झालेल्या शेवटच्या कामाची फाइल मागा. कुणी नाही म्हणाले तर नाव, तारीख आणि कारण लिहून घ्या आणि ते आपल्या प्रभागाच्या सर्व सदस्यांना पाठवा.